तिकिटाच्या पैशांतून

नाटक संपलं की प्रेक्षक घरी जातो आणि तिकिटाला दिलेले पैसे त्याच्या डोक्यातून निघून जातात. नाट्यगृहाचं भाडं, वर्तमानपत्रातली जाहिरात, नेपथ्याचा टेम्पो, नटांच्या नाइट यांत ते कुठेतरी खर्ची पडले असणार, असं तो धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. म्हणूनच पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी साठच्या दशकात जे केलं, त्याचं मला आजही अप्रूप वाटतं. ‘बटाट्याची चाळ’चे एकपात्री प्रयोग आणि ‘वाऱ्यावरची वरात’ यांनी तेव्हा मराठी प्रेक्षकाला वेड लावलं होतं. त्या तिकीटबारीवर जमलेल्या पैशांतून या दोघांनी पु. ल. देशपांडे फाउंडेशन हा सार्वजनिक न्यास उभा केला, आणि पुढची कित्येक वर्षं त्यातून शिक्षणाला, कलेला, समाजकार्याला पैसे जात राहिले. अंधारात बसून पोट दुखेपर्यंत हसलेल्या त्या हजारो माणसांना आपल्या हसण्यातून पुढे काय काय उभं राहणार आहे, याची कल्पनाही नसेल.

मी हे लिहायला बसले त्याला कारण आहे. तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या न्यासाची मी मानद चिटणीस आहे. आम्ही मुलांना शिष्यवृत्त्या देतो, एक वाचनालय चालवतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी गायनाचा वर्ग भरवतो. मूळ निधी एका शिक्षक दाम्पत्याने ठेवलेला आहे, त्यात अधूनमधून गावातल्या आणि गावाबाहेर गेलेल्या लोकांची भर पडते. रक्कम लहान, मागण्या पुष्कळ. दर सभेत कुठे द्यायचं, किती द्यायचं, कशासाठी द्यायचं यावर वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पण या वादांतून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. देणगीची खरी गरज काम उभं राहण्याच्या आधी असते, आणि नेमकं तेव्हाच द्यायला कुणी पुढे येत नाही. देशपांडे दाम्पत्याच्या फाउंडेशनकडे मी पुन्हा पुन्हा बघते ती याचसाठी.

पैसा कुठून आला यावरून न्यासाचा स्वभाव ठरतो, असं मला वाटतं. जमशेटजी टाटांनी 1892मध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांकरता निधी स्थापन केला, तो उद्योगातून आलेला पैसा होता. त्यामागे देशाला पुढे कशी माणसं लागतील याचा मोठा विचार होता. त्याहून मागे गेलं तर पुण्यातली दक्षिणा आठवते. श्रावणात शास्त्री-पंडितांना दक्षिणा वाटण्याची प्रथा पेशवाईत मोठी झाली होती. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी तो पैसा एकदम बंद केला नाही. त्यातल्या काही भागातून 1821मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज करून मागणी केली की या निधीतून मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षिसं द्या. सनातनी मंडळी खवळली. अर्ज करणाऱ्यांच्या अंगावर कुणी येऊ नये म्हणून जोतीराव फुले आपली माणसं घेऊन उभे राहिले, अशी हकीकत सांगतात. पुढे याच निधीतून कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. एका जातीच्या पंडितांना श्रावणात मिळणारे पैसे मराठी ग्रंथांकडे आणि तरुण अभ्यासकांकडे वळले, ते कुणीतरी ‘हा पैसा कुणाचा आणि कशासाठी?’ असं उघडपणे विचारलं म्हणून. आमच्या सभेत कुणी हा प्रश्न विचारला की मला आनंद होतो, मग विचारणाऱ्याचा सूर कितीही चढा असो.

देशपांड्यांचा पैसा मात्र ना दरबारातून आला होता, ना कारखान्यातून. दोघंही मुळात शिक्षक. मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये दोघांनी शिकवलेलं. 12 जून 1946ला रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने लग्न झालं, त्याचा खर्च म्हणजे फॉर्मचे आठ आणे. सुनीताबाईंनी ते स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे कॉलेजातली नोकरी, रेडिओ, दूरदर्शन, सिनेमा असं पुलंनी खूप काही केलं. नाव झालं, पैसाही आला. पण घरातली राहणी त्या आठ आण्यांच्या धोरणानेच चालली. पैसे कमी होते म्हणून काटकसर करणारे लोक पुष्कळ असतात. पैसे आल्यावरही तशीच राहणी ठेवायची आणि उरलेलं दुसऱ्याला द्यायचं, याला वेगळी शिस्त लागते.

ही शिस्त सुनीताबाईंची होती. त्यांच्याबद्दल मराठी समाजात बराच काळ एक कुरकुर असायची: बाई कडक आहेत, व्यवहारात काटेकोर आहेत, पुलंच्या भोवती कुंपण घालून बसल्या आहेत. मला ही कुरकुर कधीच पटली नाही. प्रयोगांच्या वेळी रंगमंचामागची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असे. कपडेपट, सामान, हिशेब, वेळापत्रक, प्रकाशकांशी व्यवहार, छापील मजकुरातली एकेक वेलांटी, सगळ्यावर त्यांची नजर. आणि स्वतः उत्तम अभिनेत्री असूनही हे सगळं करून त्या रंगमंचावरही उभ्या राहत. लोकांना खटकणारी ही काटेकोर वृत्तीच फाउंडेशनचा कणा होती. ज्याला स्वतःच्या घरातल्या पैशाचा हिशेब लावता येत नाही तो दुसऱ्याला द्यायचे पैसे कसे सांभाळणार? सार्वजनिक न्यासाचा कारभार भावनेवर चालत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब द्यावे लागतात, लेखापरीक्षण होतं, विश्वस्त बदलला तर बदल अर्ज करावा लागतो, उत्पन्नाचे 85 टक्के न्यासाच्या उद्दिष्टांवर खर्च झाले की नाही हे आयकर खातं बघतं. पावती पुस्तकातला एक क्रमांक गहाळ झाला तर सबंध सभा त्यात जाते. हे रुक्ष काम कुणीतरी मनापासून केलं तरच पलीकडच्या मुलाची फी वेळेवर भरली जाते. आमच्या न्यासाचे आधीचे खजिनदार हे काम एका लोखंडी कपाटातून आणि हिरव्या कापडी बांधणीच्या वह्यांतून करायचे. सभेत ते फारसं बोलत नसत. पण वही उघडली की सगळे गप्प होत, कारण तिच्यात प्रत्येक रुपयाचं उत्तर असे.

आणखी एक गोष्ट. ‘चाळ’ आणि ‘वरात’ यांचे प्रयोग त्यांनी गर्दी ओसरल्यावर थांबवले नाहीत. ऐन भरात असताना थांबवले. तिकीटबारीवर पैसे येत होते, त्यातून न्यासाला आणखी देता आलं असतं, असं कुणी म्हणू शकेल. पण मला यात दोघांची एकच वृत्ती दिसते. आपल्याला पुरे झालं हे ज्याला ओळखता येतं, त्यालाच देता येतं.

आता मुक्तांगणबद्दल. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरांत गर्दचं व्यसन शिरलं. ब्राउन शुगरची पुडी कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचली होती आणि आईबापांना आपल्या मुलाचं काय होतंय हे कळतही नव्हतं. अनिल अवचटांनी त्यावर वर्तमानपत्रातून लेखमाला लिहिली. ती वाचून खूप लोक अस्वस्थ झाले असतील. पुलं आणि सुनीताबाई अस्वस्थ होऊन थांबले नाहीत. व्यसनी मुलांसाठी काहीतरी सुरू करा, आम्ही एक लाख रुपये देतो, असं त्यांनी अवचटांना सांगितलं. अनिल अवचट पत्रकार आणि लेखक. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ. 29 ऑगस्ट 1986ला त्या मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

त्या लाखाकडे जरा नीट बघायला हवं. ते दिले तेव्हा केंद्र नव्हतं. नोंदणी नव्हती, इमारत नव्हती, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद नव्हते, यशाची टक्केवारी नव्हती. व्यसनमुक्तीच्या कामाचा आपल्याकडे फारसा अनुभवही नव्हता. होती ती एक लेखमाला आणि एक जोडपं. आज आमच्यासारख्या न्यासाकडे असा अर्ज आला असता तर आम्ही काय केलं असतं? प्रकल्प अहवाल मागवला असता, आयकर सवलतीची बारा-अ आणि ऐंशी-जी ही प्रमाणपत्रं मागितली असती, लाभार्थींची अपेक्षित संख्या विचारली असती. हे सगळं विचारणं चूक नाही, कायद्यानेही काही गोष्टी विचाराव्याच लागतात. पण फक्त एवढंच विचारत राहिलं तर जे काम अजून जन्मलेलं नाही त्याला आपण कधीच पैसे देऊ शकणार नाही. सुनीताबाईंसारखी पै न् पैचा हिशेब ठेवणारी बाई एका न जन्मलेल्या कामावर लाख रुपये लावते, तेव्हा तिने माणसं पारखलेली असतात. पारख हाही हिशेबच आहे, फक्त तो वहीत मांडता येत नाही.

त्यानंतरचं काम अवचट पतिपत्नींचं, त्यांच्या सहकाऱ्यांचं आणि तिथे येऊन बऱ्या झालेल्या माणसांचं. डॉ. अनिता अवचट 1997मध्ये गेल्या. पुढे त्यांच्या मुलीने, मुक्ता पुणतांबेकरांनी धुरा घेतली. अनिल अवचटही 2022च्या जानेवारीत गेले. मुक्तांगण चालू आहे, स्वतःच्या इमारतीत आहे, हजारो घरं त्यातून सावरली आहेत. अवचट लाकूड कोरायचे, ओरिगामी करायचे, बासरी वाजवायचे, आणि हे सगळं त्यांच्या मुक्तांगणातल्या वावराचा भाग होतं. व्यसन सुटल्यावर हाताला आणि मनाला काहीतरी लागतं, आणि ते कला देते हे तिथे रोज दिसतं. म्हणून मुक्तांगणला दिलेले पैसे समाजकार्याच्या खात्यात आणि नाटक-संगीताला दिलेले संस्कृतीच्या खात्यात असे कप्पे करायला माझं मन घेत नाही. ताळेबंदात करावे लागतात, तेवढ्यापुरते करते.

वरोऱ्याजवळच्या आनंदवनाशीही या दोघांचा असाच जिव्हाळा होता. बाबा आणि साधनाताई आमटे यांच्याकडे ती दोघं जात राहिली, सोबत गाणारे-बजावणारे मित्रही असत. कुष्ठरोग झालेल्या माणसाला जग दुरून भाकरी टाकत होतं, त्या काळात त्याच्यासमोर मांडी घालून बसून उत्तम गाणं ऐकवणं ही केवढी मोठी देणगी! तिची पावती फाडता येत नाही. माणसाला आधी अन्न-औषध द्या, गाणंबिणं नंतर, असं म्हणणारे आमच्या सभेतही असतात. मी त्यांच्याशी भांडते. बोटं झडलेल्या माणसाला तबल्याची तिहाई ऐकून मान डोलवावीशी वाटते, हे ज्याला समजलं त्यालाच बाबा आमट्यांचं काम समजलं. तिथल्याच माणसांचा ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद पुढे रंगमंचावर उभा राहिला आणि गावोगाव तिकीट काढून लोकांनी त्याला ऐकलं, याचं मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

पैशाखेरीजचं त्यांचं देणं बघितलं तर ते आणखी मोठं भरेल. मुंबईच्या एनसीपीए या प्रयोगकलांच्या राष्ट्रीय केंद्राचे मानद संचालक म्हणून पुलंनी नाट्यसंगीत, लोककला, जुने गायक-वादक यांच्या जतनासाठी काम केलं. एखादी जुनी गायकी शेवटच्या दोन-तीन माणसांच्या गळ्यात उरलेली असते. त्या माणसांना बोलवायचं, त्यांची बडदास्त ठेवायची, त्यांच्याकडून गाऊन घ्यायचं आणि ते नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायचं, याला पैसा लागतो तसंच कान लागतात. त्याशिवाय कवितावाचन. बा. सी. मर्ढेकर आणि गोव्याचे बाकीबाब बोरकर, दोन टोकांचे कवी, पण दोघांच्या कविता पुलं आणि सुनीताबाई रंगमंचावरून वाचायचे. पडदा नाही, नेपथ्य नाही, दोन माणसं आणि समोर कविता. बोरीच्या बोरकरांची कविता महाराष्ट्रातल्या सभागृहात हजारभर माणसं श्वास रोखून ऐकतात, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. सुनीताबाईंना शेकडो कविता पाठ होत्या आणि त्या कविता म्हणत तेव्हा ओळ जशी लिहिली आहे तशीच यायची, अभिनयाचा अतिरेक न करता. त्यांचं ते वाचन मी ध्वनिफितीवर ऐकलं आहे. आमच्या वाचनालयात मुलांना कविता म्हणायला शिकवताना मी अजूनही आधी ती ऐकवते.

अशा कामाला पैसे मिळणं किती कठीण असतं हे छोट्या न्यासात बसलेल्या माणसाला विचारा. इमारतीला पैसे मिळतात. संगमरवरी पाटीला मिळतात. आमच्या वाचनालयाला एका सज्जनांनी आईच्या स्मरणार्थ सुंदर काचेची कपाटं दिली, आम्ही कृतज्ञ आहोत. पण ग्रंथपाल मुलीच्या पगारासाठी कुणी देणगी देत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात 1967पासून आहे, अ-ब-क-ड वर्गांप्रमाणे अनुदानही मिळतं, पण त्यात माणसाचं पोट भरेल एवढं काही बसत नाही. 2013च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला सांगितलं. त्या यादीत कला आणि संस्कृती आहे, सार्वजनिक ग्रंथालयंही आहेत. चांगलीच गोष्ट आहे ही. तरी तिथे अर्ज घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो, वर्षअखेरीला दाखवायला काय असेल? गायनाच्या वर्गातल्या मुलीचा षड्ज वर्षअखेरीला लागलेला असेल, हे कागदावर कसं दाखवायचं? तो लागायला तीन वर्षं लागतील, कदाचित पाच. तिच्यासाठी रोज पेटी घेऊन बसणारे गुरुजी आणि तबल्याला बसणारा मुलगा यांना महिन्याला काहीतरी मिळत राहिलं पाहिजे, एवढीच आमची गरज असते. माणसाच्या पगाराला देणगी द्यायला लोक का बिचकतात, याचा मी खूप विचार केला. पगार दर महिन्याला संपतो, आणि संपणाऱ्या गोष्टीवर आपलं नाव कोरता येत नाही. दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

12 जून 2000ला, लग्नाच्या चोपन्नाव्या वाढदिवशी, पुलं गेले. सुनीताबाई त्यांच्यामागे नऊ वर्षं जगल्या. त्या नऊ वर्षांत त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत विचारपूर्वक केलेलं काम वाटतं. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, जयंत नारळीकरांनी 1988पासून घडवलेली. नारळीकरांनी पहिल्यापासून शाळेतल्या मुलांना तिथे येऊ दिलं, शनिवारी त्यांच्यासाठी व्याख्यानं ठेवली. जगभरातले शास्त्रज्ञ जिथे येतात तिथे जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळेतली मुलंही येतात, हे त्या संस्थेचं खरं वैभव. सुनीताबाईंनी तिथल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रासाठी देणगी दिली. त्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतला हा एक तारा. पुलंचं नाव त्यात आपोआप आलं आहे, आणि ज्याला माहीत नाही त्या मुलाला ते फक्त ताऱ्याचं नाव वाटेल. मुक्तांगण विज्ञान शोधिका असं त्या केंद्राचं नाव; व्यसनमुक्तीचं मुक्तांगण वेगळं. अरविंद गुप्तांनी तिथे काही वर्षं काम केलं: काड्यापेटी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, रिकाम्या बाटल्या, झाडूच्या काड्या यांतून विज्ञानाची खेळणी. आमच्या शिष्यवृत्तीधारक मुलांना आम्ही एकदा तिथे नेलं. नववीतली एक मुलगी काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचा घन हातात घेऊन तो पुन्हा पुन्हा एका बाजूला ढकलून बघत होती. चौकोन कलंडतो आणि त्रिकोण कलंडत नाही, हे तिला पुस्तकात वाचून माहीत होतं. हातात कलंडल्यावर तिचा चेहरा बदलला. परत येताना बसमध्ये तिने रस्त्यावरच्या प्रत्येक टॉवरमधले त्रिकोण दाखवले.

विनोदी लेखकाच्या नावाने विज्ञानकेंद्र कशाला, असं कुणाला वाटू शकेल. पण शांतिनिकेतनात जाऊन पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकायला बसलेल्या माणसाचं स्मारक याहून चांगलं कसं असेल? नवं काही शिकायचं असेल तर वयाची लाज नाही, हे पुलंनी स्वतः करून दाखवलं होतं. आणि सुनीताबाईंनी इमारतीपाशी थांबायचं ठरवलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुलंच्या साहित्याचे हक्क कुणाकडे जावेत, हा प्रश्न त्यांनी स्वतः हयात असताना सोडवला आणि ते हक्क आयुकाकडे जातील अशी व्यवस्था केली. 7 नोव्हेंबर 2009ला, पुलंच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्या गेल्या. लेखकाच्या मृत्यूनंतर त्याच्या साहित्याचे हक्क साठ वर्षं टिकतात, म्हणजे पुलंच्या बाबतीत 2060च्या अखेरीपर्यंत. तोवर कुणीही दुकानातून त्यांचं एखादं पुस्तक विकत घेतलं की त्याच्या मानधनाचा वाटा एका विज्ञानसंस्थेकडे जात राहणार. साठच्या दशकात तिकीटबारीवर जे सुरू झालं होतं ते आता पुस्तकाच्या दुकानात चालू आहे, आणि विकत घेणाऱ्याला आजही त्याची कल्पना नसते.

हक्क ही भावनिक गोष्ट वाटते, पण तो उत्पन्नाचा झरा असतो आणि वारसांत भांडणं लागण्याचं कारणही. किती मराठी लेखकांची पुस्तकं केवळ हक्कांच्या घोळामुळे बाजारात नाहीत! कित्येक गायकांची ध्वनिमुद्रणं पुतण्या-भाच्यांच्या कपाटांत बुरशी खात पडली आहेत. वृद्ध कलावंतांकडे कुणीतरी जावं, त्यांच्याजवळ बसावं आणि मृत्युपत्राची, हक्कांची कागदपत्रं नीट करून द्यावीत, हेही एखाद्या सांस्कृतिक न्यासाचं काम होऊ शकतं. त्याला फार पैसे लागत नाहीत. एक समजूतदार वकील लागतो आणि जुन्या माणसाचा विश्वास मिळवण्याइतका वेळ लागतो. आमच्या जिल्ह्यात तमाशाच्या फडांत आयुष्य काढलेल्या काही बाया आहेत, भेदिक म्हणजे कोडी घालणाऱ्या कवनांच्या वह्या ज्यांच्या घरात पत्र्याच्या पेटीत आहेत असे शाहीर आहेत. त्या वह्या कुणाच्या, त्यातलं कवन कुणी छापलं किंवा सिनेमात घेतलं तर पैसे कुणाला, हे त्यांना आज कुणी सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या विश्वस्तांची सभा आहे. विषयपत्रिका मी लिहून काढली आहे. पहिला विषय नेहमीचा, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. दुसरा शिष्यवृत्त्यांचा. तिसऱ्यात मी दोन ठराव मांडणार आहे. एक, गायनवर्गाच्या तबलजीला तीन वर्षं दरमहा मानधन, आणि त्या तीन वर्षांत त्याच्याकडून फक्त उपस्थितीची वही मागायची. दोन, शाहिरांच्या वह्यांचं काम करायला गावातली एक मुलगी तयार आहे, लोकसाहित्यात एम.ए. झालेली, तिला सुरुवातीची रक्कम. तिच्याकडे संस्था नाही, प्रकल्प अहवाल नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेली एका म्हाताऱ्या शाहिराची दोन कवनं आहेत, आणि त्या शाहिराने तिला घरात घेतलं आहे. अध्यक्षांना मी कल्पना दिली तेव्हा ते म्हणाले, “ताई, उद्या हे अर्धवट राहिलं तर लोकांना काय सांगायचं?” खजिनदारांनी विचारलं, हे कुठल्या खात्यात घालायचं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी त्या मुलीला सभेला यायला सांगितलं आहे. तिने ती कवनं विश्वस्तांना ऐकवावीत, मग मतदान व्हावं.